मधला पाव

पाव आणायला पाठवलं की लादी घरी कधी पूर्ण पोचायची नाही. गारखेड्यात सूतगिरणी चौकाच्या अलीकडे, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बेकरी होती. संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिची भट्टी उघडायची. कागदात गुंडाळलेली गरम लादी छातीशी धरून परत येताना एक पाव तोडायचाच, आणि तो कडेचा कधी नसायचा. कडेच्या पावाला एका अंगानं तांबूस, टणक साल असते. मधला पाव चारी बाजूंनी पांढरा, ओलसर, तंतू सुटलेला. तो ओढून काढला की शेजारच्या पावांच्या अंगावरही तसेच तंतू उभे राहायचे आणि त्यांच्यातून वाफ निघायची.

हे सगळं परवा पुन्हा आठवलं, कारण पुण्याहून सुट्टीला आलेल्या माझ्या भाचीनं माझ्या स्वयंपाकघरात एक गोड पाव केला. मैद्याच्या आंबवलेल्या पिठाचे लिंबापेक्षा लहान गोळे, प्रत्येक गोळा पातळ केलेल्या लोण्यात बुडवून साखर-दालचिनीत घोळवलेला, आणि सगळे एका खोल भांड्यात एकमेकांना खेटून रचलेले. भाजून उपडा केला तर घुमटासारखा एकच पाव. हात लावला की गोळा गोळा सुटून येणारा.

"याला मंकी ब्रेड म्हणतात, आत्या," ती म्हणाली.

मी एक गोळा ओढला. तेच तंतू, तीच वाफ. "अगं, ही तर लादी," असं माझ्या तोंडून गेलं. तेव्हापासून या दोन पावांचं नातं शोधायचा मला ध्यास लागला. जे हाती आलं ते इथे मांडते आहे.

आधी लादीचंच घेऊ. लादी म्हणजे फरशी. घरात लाद्या बसवतात तशा पिठाच्या गोळ्यांच्या ओळी पत्र्यावर बसवायच्या, म्हणून ती लादी. रचताना गोळ्यांमध्ये बोटभर जागा सोडतात. पीठ उठतं तसे गोळे फुगत फुगत एकमेकांना भिडतात आणि भट्टीत जाईपर्यंत त्यांच्या कडा जुळलेल्या असतात. पावाला साल येते ती भट्टीच्या कोरड्या, तापलेल्या हवेनं. जिथे शेजारचा पाव चिकटलेला आहे तिथे ती हवा पोचतच नाही. आतल्या ओलाव्यामुळे त्या बाजूची उष्णता उकळत्या पाण्याच्या पुढे जात नाही, म्हणून तिला ना रंग चढतो ना कडकपणा येतो. पाव मऊ राहावा आणि कमी जागेत जास्त माल भाजला जावा, या दोन्ही गरजा त्या एका रचनेनं भागवल्या. मला ही युक्ती फार मोठी वाटते. एकटा भाजलेला पाव आणि लादीतला पाव, पीठ तेच असलं तरी खाताना दोन वेगळे पदार्थ लागतात.

'पाव' हा शब्द पोर्तुगिजांचा. त्यांचा 'पाँव' आपल्याकडे पाव झाला, बंगालीत तो पाउरुटी झाला, जपानीत पान झाला. पायांनी तुडवून मळतात म्हणून पाव, किंवा शेराचा चौथा हिस्सा म्हणून पाव, असं अजूनही लोक छातीठोकपणे सांगतात. दोन्ही मागाहून जोडलेल्या गोष्टी आहेत. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतला आणि १५३४ च्या तहानं वसई त्यांच्याकडे गेली. त्यांना रोजच्या जेवणाला पाव हवा होता, आणि प्रार्थनेतल्या प्रसादालाही गव्हाचीच भाकर लागत होती. गहू मिळवता येत होता. पीठ उठवणारं खमीर मात्र हाताशी नव्हतं. त्यावर गोव्यातल्या लोकांनी तोडगा काढला तो माडाच्या सुरेचा. ताजी सूर काही तासांत आपोआप फसफसते, कारण तिच्यात हवेतलं आणि माडावरचं यीस्ट उतरलेलं असतं. ती पिठात घातली की पीठ उठतं. साष्टीतल्या, विशेषतः माजोर्ड्याच्या ख्रिस्ती कुटुंबांनी हे काम प्रथम हाती घेतलं असं गोव्यात सांगतात. त्यांना पोदेर म्हणतात. उंडे, पोई, कातरे पाव, कांकणं ही सगळी पोदेराच्या टोपलीतली मंडळी. गोड आंबवलेल्या पिठाचीही त्या किनाऱ्यावर कमी नव्हती. उत्तर कोकणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतले फुगे घ्या. अंडं, नारळाचं दूध आणि साखर घातलेलं पीठ सुरेनं नाही तर यीस्टनं उठवून हातानं लहान गोळे सोडायचे आणि तळायचे. गोड, आंबवलेला, गोळ्यांचा पदार्थ. फक्त भट्टीऐवजी कढईतला.

घाटावरच्या मराठी घरात मात्र पाव सरळ आला नाही. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलेलं गाव बाटलं, ही गोष्ट कोकणपट्टीत पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. पाव म्हणजे परधर्म, परक्या हाताचं पाणी लागलेलं अन्न, आणि वर सुरेनं आंबवलेलं. ही भीती किती खोल होती ते १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेवरून कळतं. दादोबा पांडुरंगांच्या या गुप्त सभेत जातिभेद मोडायची शपथ घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खाऊन दाखवावा लागे. एका घासात माणूस जातीबाहेर जाऊ शकत होता, म्हणून तो घास ही कसोटी. पुढे १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, ओढवलं आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. तिथेही भांडण परक्या हातच्या खाण्यापिण्याशीच होतं. आज मी ओट्यावर पीठ मळते, यीस्ट पाण्यात विरघळवते, आणि घरात कुणाच्या कपाळावर आठी येत नाही. या साध्या गोष्टीमागे किती माणसांनी काय काय सोसलं आहे, ते मला विसरावंसं वाटत नाही.

इथवरची कुळकथा किनाऱ्यावरची झाली. गारखेड्यात बसून लिहिताना मला आमच्या शहराची भट्टी त्याहून जवळची वाटते, आणि तिचं मूळ पोर्तुगिजांच्या आधीचं आहे.

आमच्या शहराची ओळख नान-खलिया. मोठा, गोल, मऊसूत नान आणि मटणाचा पातळसर, मसालेदार खलिया. महंमद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा लष्कराच्या मोठ्या पंगतींसाठी हे जेवण जमलं, असं इथे घरोघरी सांगतात. ती दंतकथा असो वा नसो, खमीर घालून उठवलेल्या गव्हाच्या पिठाची भट्टी दख्खनमध्ये सुलतानांच्या काळापासून पेटती होती. मलिक अंबरानं १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं आमचं शहर, वसवली तेव्हा त्या नगरीत लष्करं होती, सराया होत्या, दर्गे होते. अशा जागी शेकडो माणसांना एकदम पुरेल अशी रोटी लागते, आणि तव्यावर एकेक भाजत बसणं परवडत नाही. पुढे अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की फिरू लागली. हर्सूलच्या बाजूनं खापरी नळांतून आणलेलं पाणी उंचावरून पात्यांवर पडायचं आणि जात्याचा दगड फिरायचा. त्या पिठावर फकिरांचं आणि वाटसरूंचं पोट भरायचं. शाळेच्या सहलीत आम्ही तिथल्या हौदातले मासे बघत बसायचो. आता गेले की मी त्या जात्याकडे बघते.

भोवतालचा मुलूख मात्र ज्वारीचा. ज्वारीच्या पिठाला विरी असते, ती गरम पाण्यानं जागी करून आपण भाकरी थापतो. पण तिच्यात गव्हातली चिकी नाही, ताणलं तर ताणलं जाईल असं ग्लुटेन नाही. यीस्ट कितीही वायू सोडो, ज्वारीचं पीठ तो धरून ठेवत नाही. म्हणून खेड्यात भाकरी आणि शहरात नान असे दोन स्वयंपाक शेजारी शेजारी नांदले. खेड्याला भाजण्याची कला येत नव्हती असं मात्र कुणी समजू नये. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, शेतातली पंगत, राख झटकून तुपात बुडवलेला तुकडा हे मराठवाड्यानं आणि विदर्भानं कायम खाल्लं आहे. मुंबईच्या पाठारे प्रभूंच्या घरात भानोळं खाली-वर निखारे ठेवून भाजत. आपल्या घरात भाजणं होतं आणि आंबवणंही होतं. जिलबीचं पीठ, अनारशाचं पीठ, दह्याचं विरजण रोजच्या हातातलं. गव्हाचं पीठ आंबवून ते आरावर भाजणं, ही जोडी तेवढी आपल्या घरात जमली नव्हती. ती बाजारातल्या कारागिराच्या हातात राहिली.

त्या कारागिराच्या हातचं प्रमाण काय होतं, याचा एक धागा आईन-इ-अकबरीत मिळतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनं अकबराच्या मुदपाकखान्याची जी नोंद केली, तिच्यात भट्टीतल्या मोठ्या नानाचं माप दिलं आहे: दहा शेर पीठ, पाच शेर दूध, दीड शेर तूप, पाव शेर मीठ. हे वाचलं आणि मी भाचीची वही मागून घेतली. तिच्यात होतं २५० ग्रॅम मैदा, १५० मिलिलिटर दूध, ४० ग्रॅम लोणी. शेरांचा हिशेब २५० ग्रॅमला लावला तर दूध सव्वाशे ग्रॅम येतं आणि तूप साडेसदतीस. चारशे वर्षांचं अंतर आणि तूप-लोण्याच्या वजनात अडीच ग्रॅमचा फरक! वहीतली कृती अमेरिकेतून आली होती, आणि तरीही मऊ, श्रीमंत पाव करायचा म्हटलं की पिठाला किती स्निग्ध चालतं हे दोन्हीकडच्या हातांना सारखंच कळलेलं दिसतं. जास्त घातलं की पीठ जड होऊन उशिरा उठतं, कमी घातलं की दुसऱ्या दिवशी वातड होतं. मध्ये जी अरुंद वाट उरते तिच्यावरून अकबराचा नानबाईही चालला आणि माझी भाचीही.

आता ती अमेरिकेची बाजू. भाचीचा पाव मूळचा हंगेरीचा. तिथे त्याला 'अरान्यगलुश्का' म्हणतात, म्हणजे सोनेरी गोळे. आंबवलेल्या पिठाचे गोळे लोण्यात बुडवून साखर आणि कुटलेल्या अक्रोडात घोळवायचे, थरांनी रचून भाजायचे आणि व्हॅनिलाच्या कस्टर्डबरोबर खायचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो तिथल्या लिखाणात दिसतो. हंगेरीतून अमेरिकेत गेलेल्या ज्यू कुटुंबांनी तो बरोबर नेला, विसाव्या शतकाच्या मध्याला तो तिथल्या बेकऱ्यांत विकला जाऊ लागला. १९७२ मध्ये बेटी क्रॉकरच्या पुस्तकात तो 'हंगेरियन कॉफी केक' या नावानं छापला गेला आणि घराघरांत शिरला. अक्रोडाची जागा तिथे दालचिनीनं घेतली. १९८० च्या दशकात नॅन्सी रेगन यांनी नाताळात व्हाइट हाउसमध्ये तो वाढला, तोपर्यंत त्याचं नाव मंकी ब्रेड झालेलं होतं. बोटांनी एकेक तुकडा उचलून खाण्याची रीत माकडांची, म्हणून ते नाव, असं सांगतात.

मला या नावाचा दुसरा अर्थ जास्त आवडला. आफ्रिकेतल्या बाओबाबच्या फळालाही इंग्रजीत हेच नाव आहे. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. दख्खनमध्ये अवाढव्य बुंध्याच्या जुन्या गोरखचिंचा अजून उभ्या आहेत, आणि आमचं शहर वसवणारा मलिक अंबर त्याच खंडातून, हबशांच्या देशातून, गुलाम म्हणून विकला जाऊन इथे आला होता. पावाचं आणि या झाडाचं रक्ताचं नातं काही नाही. तरी गारखेड्यातल्या ओट्यावर ते नाव ऐकताना मला गोरखचिंच आठवल्याशिवाय राहत नाही.

उरली दालचिनी. हा शब्द फारसी 'दारचीनी'. दार म्हणजे लाकूड, म्हणजे चीनचं लाकूड. इराणी व्यापाऱ्याला ती चीनकडून आलेली वाटली, म्हणून नाव तसं पडलं. सर्वांत नाजूक दालचिनी मात्र आपल्या शेजारच्या श्रीलंकेची, कागदासारख्या पातळ सालींची सुरळी. पोर्तुगीज १५०५ मध्ये तिथे पोचले आणि तिच्यासाठी पाय रोवून बसले, मग डच, मग इंग्रज. बाजारात आपल्याला बहुधा मिळते ती जाड, लाकडासारखी कडक साल. ती तिची चुलत बहीण, जास्त तिखट आणि जास्त झणझणीत. संस्कृतात ती 'त्वक्', म्हणजे सालच. आयुर्वेदातल्या त्रिजातात ती वेलची आणि तमालपत्राच्या पंगतीला बसते. कोकणीत तिला तिखी म्हणतात.

आपल्या घरात तिचं स्थान ठरलेलं होतं. गोड्या मसाल्यात, मसालेभातात, सर्दीच्या काढ्यात दालचिनी चालते. पुरणात, श्रीखंडात, शिऱ्यात मात्र वेलची, जायफळ, केशर. माझ्या आईनं कुठल्याही गोडाला दालचिनी लावलेली मला आठवत नाही. भाचीचा पाव भाजला जात असताना घरात वास सुटला तेव्हा शेजारच्या मावशी दारात येऊन म्हणाल्या, "आज काय, पुलाव का?" त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्या नाकांना तो वास तिखटाचा म्हणूनच माहीत. आणि मग मला खलिया आठवला. त्याच्या मसाल्यात दालचिनी असतेच. म्हणजे खमिराचा नान आणि दालचिनी या शहरात किती काळ एकाच ताटात आहेत! नान तोडायचा आणि त्या रश्श्यात बुडवायचा. भाचीनं रश्श्याच्या जागी साखर आणली एवढंच.

दालचिनीचा एक गुण घरी पाव करणाऱ्यानं ओळखून असावा. तिच्या तेलात सिनामाल्डिहाइड असतं, जे तिला वास देतं आणि बुरशीला, जंतूंना आवरतं. यीस्टही बुरशीच्याच कुळातलं. दालचिनीची भरपूर पूड थेट पिठात मळली तर पीठ मरगळतं, तासनतास बसून राहतं. मी पहिल्यांदा एकटीनं केलं तेव्हा वास चांगला यावा म्हणून चहाचे दोन चमचे पूड पिठातच घातली आणि तीन तासांनी गोळा होता तसाच होता. यीस्ट खराब म्हणून मी ते टाकूनही दिलं. नंतर कळलं की दालचिनी बाहेर लावायची. गोळ्याच्या आत यीस्टला मोकळं रान, आणि गोळ्यावर दालचिनीचा लेप. लोण्याच्या थरामुळे ती आत झिरपत नाही, आणि गोळे एकमेकांना चिकटतात तेही अर्धेमुर्धेच, म्हणून बोटांनी अलगद सुटतात. आपल्या लादीत असा लोण्याचा पडदा नसतो. तिथे पाव खरोखरच एक झालेले असतात आणि तोडावे लागतात. दोन बहिणींमध्ये फरक आहे तो एवढाच.

हा पाव बाजारातून घरात कसा आला, तेही सांगायला हवं, कारण ती आमच्याच पिढीनं पाहिलेली गोष्ट आहे. आधी घरचं सामान बेकरीत जायचं. दिवाळीच्या आधी मैदा, रवा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून आई बेकरीत न्यायची आणि नानकटाई भाजून आणायची. बेकरीवाले चाचा सामान तोलून घ्यायचे, पत्र्यांवर आमच्या नावाची चिठ्ठी ठेवायचे. आम्ही मुलं रांगेत उभी राहून आपलाच पत्रा ओळखायची. मग घराघरांत गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन आला, वर काचेची चकती असलेला. त्यात केक व्हायचा. पाव करायचं कुणाच्या मनात यायचं नाही, कारण यीस्ट मिळायचं नाही. बेकरीत येणारं ओलं यीस्ट वड्यांच्या रूपात यायचं, थंड ठेवावं लागायचं, थोड्याच दिवसांत नासायचं. घरच्या पावाला खरी वाट मोकळी करून दिली ती कोरड्या, दाणेदार इन्स्टंट यीस्टनं. ते आता कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतं, फ्रीजमध्ये महिनोन्‌महिने टिकतं, आणि ओल्याच्या तिसऱ्या हिश्शात काम भागतं. टाळेबंदीच्या त्या पहिल्या उन्हाळ्यात, २०२० मध्ये, पाव घरी भाजून बघितला नाही असं घर आमच्या अपार्टमेंटमध्ये शोधावं लागलं असतं.

आता माझं जमलेलं माप सांगते. २५० ग्रॅम मैदा, ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ३० ग्रॅम साखर, लहान चमचाभर मीठ, १५० मिलिलिटर कोमट दूध. एवढं एकत्र करून दहा मिनिटं मळायचं, मग ४० ग्रॅम मऊ लोणी थोडं थोडं घालत आणखी दहा मिनिटं. सुरुवातीला पीठ हाताला, ओट्याला, सगळ्याला चिकटतं. तिथे मैदा भुरभुरायचा मोह होतो, तो आवरायचा. पंधराव्या मिनिटाच्या आसपास पीठ आपण होऊन ओटा सोडतं. लिंबाएवढा तुकडा दोन्ही हातांनी हळूहळू ताणला तर पडदा होतो, त्यातून बोटांच्या सावल्या दिसतात, तरी तो फाटत नाही. हा पडदा म्हणजेच पुढचे ते तंतू. मग झाकून ठेवायचं. किती वेळ, ते घड्याळ सांगू शकत नाही. आमच्याकडे मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पाऊण तासात पीठ दुप्पट होतं आणि तासाभरात आंबूस वास मारायला लागतं; तेव्हा मी दूध थंडच घेते. डिसेंबरात पहाटे दहा-बारा अंशांवर तेच पीठ दुपारपर्यंत बसून राहतं. तेव्हा ते डाळीच्या गरम कुकरशेजारी ठेवते. नंतर चोवीस गोळे. ५० ग्रॅम लोणी पातळ करून त्यात बुडवायचे आणि १०० ग्रॅम पिवळी गूळपूड व दोन चमचे दालचिनी यांत घोळवायचे. गूळपूड ही माझी भर. साखरेपेक्षा ती लवकर पाघळते आणि तळाशी काकवीसारखा पाक धरते. गोळे रचून पुन्हा अर्धा-पाऊण तास झाकून ठेवायचे, मग १८० अंशांवर तीस मिनिटं. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं थांबून उपडा करायचा. दहा मिनिटं थांबलं तर पाक थिजतो आणि भांडं पाव सोडत नाही.

मागच्या महिन्यात असा एक पाव डब्यात घालून मी चाचांकडे नेला. त्यांची बेकरी बंद होऊन बरीच वर्षं झाली, जागेवर आता मोबाइलचं दुकान आहे. चाचा मुलाकडे राहतात, पंचाहत्तरीच्या पुढे गेलेत, उजव्या हातावर भट्टीच्या जुन्या डागांच्या रेघा अजून आहेत. त्यांच्या वडिलांच्या काळी आदल्या दिवशीच्या पिठाचा गोळा राखून ठेवून त्यानंच दुसऱ्या दिवशीचं पीठ उठवत, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. ती भांडी धूत नसत, नुसती खरवडत, कारण खमीर भांड्याच्या अंगाला राहतं.

डब्याचं झाकण उघडल्यावर त्यांनी आधी वास घेतला. मग पाव हातात धरून उलटा केला आणि बोटाच्या पेरानं तळावर टकटक केलं. पोकळ आवाज आला. ते काही बोलले नाहीत, तसंच दुसऱ्या जागी टकटक केलं.

"दालचिनी पिठात नाही घातली ना?"

"नाही चाचा. बाहेरून."

"बरं केलं बेटा. ती खमिराला दाबून टाकते." त्यांनी पाव सरळ केला. "आणि लादी कितीची?"

"चोवीस."

त्यांनी ओठ हलवत गोळे मोजले. कडेचे तांबूस, गुळानं चकाकणारे गोळे अंगठ्यानं बाजूला सारले, दोन बोटं आत घातली आणि मधला ओढून काढला. तो खिडकीच्या उजेडाकडे धरून ते बराच वेळ त्याच्या अंगावरचे तंतू बघत राहिले.